मराठी प्रकल्पाची संदर्भसूची: पुस्तक हातात असतानाच करायचं काम

ग्रंथालयात पुस्तक हातात आलं की मजकुराकडे वळण्याआधी शीर्षकपान उलटा. त्याच्या मागच्या बाजूला प्रकाशक, गाव, आवृत्ती आणि वर्ष छापलेलं असतं. हे सगळं लेखकाच्या नावासह वहीत उतरवा किंवा दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. मुखपृष्ठावर विसंबू नका, तिथे बहुतेकदा वर्ष नसतंच.

मग टिपणं काढताना प्रत्येक टिपणापुढे पान क्रमांक लिहा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं घाला. महिन्याभराने वही उघडल्यावर कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं पुस्तकातलं, हे आठवत नाही. माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेच्या वेळी एका अवतरणाचं पान लिहायचं राहिलं आणि त्या एका आकड्यासाठी चारशे पानांचं पुस्तक पुन्हा पालथं घालावं लागलं. संशोधक विद्यार्थ्यांसाठी याला आणखी एक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्य तपासताना रीतसर श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची साम्याच्या मोजणीतून वगळली जातात.

आता प्रत्यक्ष नोंद. पुष्कळ प्रकल्पांत ‘फुले, जोतीराव, गुलामगिरी, १८७३’ असं दिसतं. पण १८७३ ची मूळ प्रत विद्यार्थ्याने पाहिलेली नसते. त्याने वाचलेला असतो समग्र वाङ्मयाचा खंड. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला हा खंड १९६९ मध्ये निघाला, आणि य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९१ ची. पान क्रमांक द्यायचा तो आपल्या हातातल्या आवृत्तीचा, म्हणून नोंदही तिचीच हवी:

फुले, जोतीराव, ‘गुलामगिरी’, महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. य. दि. फडके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, १९९१.

मूळ प्रकाशनाचं वर्ष महत्त्वाचं वाटलं तर शेवटी कंसात द्या. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांचीही गल्लत करू नका. पुनर्मुद्रणात साधारणपणे मजकूर तोच राहतो, आवृत्तीत तो बदललेला असू शकतो.

संतवाङ्मयात ही काळजी जास्तच घ्यावी लागते. ज्ञानेश्वरीचा संदर्भ देताना अध्याय आणि ओवी सांगायची, कारण पानं प्रतीप्रतीला बदलतात. तुकारामांच्या गाथेत तर अभंगांचे क्रमांकही वेगवेगळ्या गाथांत वेगळे असतात. त्यामुळे ‘अभंग क्र.’ लिहून कोणती गाथा ते सांगितलं नाही, तर वाचणाऱ्याने शोधायचं कुठे?

जुन्या पुस्तकावर फक्त शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढा. शकाच्या शेवटच्या महिन्यांत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून महिना माहीत नसल्यास ‘शके १८५० (इ.स. १९२८-२९)’ असं लिहा.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांची नोंद पुस्तकावर छापलेल्या नावाने करावी असं माझं मत आहे: केशवसुत (कृष्णाजी केशव दामले). वाचक ‘क’मध्येच शोधणार. अनुवाद असेल तर मूळ लेखकाच्या बरोबरीने अनुवादकाचं नाव द्या. आपण वाचलेली वाक्यं त्यांची आहेत, ते नाव गाळणं अन्यायाचं आहे.

नियतकालिकातल्या लेखासाठी लेखाचं नाव अवतरणचिन्हांत, मग नियतकालिक, महिना, वर्ष, पानं. दिवाळी अंकाला महिन्याऐवजी ‘दिवाळी’ आणि वर्ष पुरतं. वर्तमानपत्राची तारखेबरोबर आवृत्तीही लिहा, पुण्याच्या अंकातली बातमी नागपूरच्या अंकात असेलच असं नाही. मराठी विश्वकोशात नोंदीच्या अखेरीस लेखकाचं नाव असतं. ते शोधून द्या, नुसतं ‘विश्वकोश’ लिहून थांबू नका. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता आणि आपण ते पान पाहिलं ती तारीख, दोन्ही हवं. मुलाखत स्वतः घेतली असेल तर नाव, गाव आणि दिनांक.

नोंदी आडनावाच्या वर्णक्रमाने लावा. संगणक कधी ‘क्ष’ला ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये नेऊन बसवतो, आपल्या वर्णमालेत ती शेवटी येतात. कुठलाही क्रम धरा, पण शेवटपर्यंत तोच ठेवा. नोंद लिहिण्याच्या शैलीचंही तसंच. एपीए आणि एमएलए या अशा दोन प्रचलित शैली. एपीए पद्धतीत वर्ष लेखकाच्या नावालगत येतं, एमएलएमध्ये पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकानंतर. विभागात कोणती चालते ते मार्गदर्शकांना सुरुवातीलाच विचारा.

सादर करण्याआधी प्रत्येक तळटीप सूचीशी ताडून पाहा. मग एखाद्या मैत्रिणीला तुमची एक नोंद द्या आणि ग्रंथालयातून ते नेमकं पान काढून आणायला सांगा. ती भलतीच आवृत्ती घेऊन आली, तर नोंदीत काय राहिलं ते लगेच कळेल.