नायट्रेट गेलं कुठं?

चिकोडीकडचे आम्ही उसावर वाढलेले. युरियाची पोती आणि बोअरचं पाणी रोजचंच. धारवाडला एमएस्सीला गेल्यावर कळलं, की जमिनीखालचं पाणी नुसतं साचून राहत नाही, त्यात मिसळलेली रसायनं मोडतही असतात. या विषयाकडं वळणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

युरियापासून जमिनीत तयार होणाऱ्या नायट्रेटचंच घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि सेंद्रिय कर्ब मिळाला, की जिवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात, शेवटी त्याचा नायट्रोजन वायू होतो. काही रसायनं जिवाणूंशिवायही मोडतात: ट्रायक्लोरोएथिलीनसारखी कारखान्यातली सॉल्व्हंट मॅग्नेटाइट, आयर्न सल्फाइड अशा लोहखनिजांच्या संपर्कात सावकाश मोडतात. हीच सॉल्व्हंट जिवाणूंच्या वाटेनं मोडली तर मात्र मध्येच व्हिनाइल क्लोराइड साठू शकतं, आणि त्यानं कॅन्सर होतो. म्हणून ‘पाणी आपोआप शुद्ध होतं’ असं कुणी म्हटलं, की कशाचं काय झालं ते आधी विचारा.

पहिल्या वर्षी मी मोटारीच्या पाइपातून बादलीत धो धो पडणाऱ्या पाण्यात मीटर बुडवला. ऑक्सिजन 6 मिलिग्रॅम. वहीत लिहिलं, इथं नायट्रेट मोडणार नाही. पुढच्या खेपेला बारीक नळी बाटलीच्या तळाला टेकवली, पाणी काठावरून बराच वेळ वाहू दिलं, एकही बुडबुडा राहू दिला नाही. आकडा 1 च्या खाली! आधीचा ऑक्सिजन बादलीतल्या फेसाचा होता. महिन्याभराची मोजमापं वाया गेली, त्याची हळहळ अजून आहे.

पावसाळ्यानंतर नायट्रेट उतरलं म्हणजे ते मोडलंच असं नाही. आमच्याकडं बेसाल्टच्या भेगांतून नवं पाणी भराभर उतरतं, त्यानं ते नुसतं पातळही होतं. सोबत क्लोराइड मोजा, ते मोडत नाही. दोन्ही सारख्या प्रमाणात उतरली तर पाणी पातळ झालं. क्लोराइड जागेवर आणि नायट्रेट एकटंच खाली, तर मोडल्याला आधार मिळतो. पण म्युरिएट ऑफ पोटॅश या खतामधूनही क्लोराइड येतं, तेव्हा ‘काका, यंदा पोटॅश किती टाकलं?’ हे विचारायलाच हवं. चिकोडी-निपाणीत मराठीत भागतं, गोकाककडं गेलात की कन्नड लागतं. आणि बांधावर चहा होईपर्यंत वही काढू नका.