जुन्या घरात जिन्यावरच्या पत्र्याखाली रॉकवूल कसे बसवावे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत अरुंद लाकडी जिना आणि त्यावर थेट पत्रा, अशी रचना बरीच दिसते. एप्रिल-मेमध्ये तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो, घरातली गरम हवाही जिन्यातूनच वर चढते, आणि वरच्या खोल्या रात्रीही निवत नाहीत. आधी पत्र्याला बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या. कमी खर्चात बराच फरक पडतो.

पत्र्याखाली बसवायला थर्मोकोल किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या मुळीच नकोत, कितीही स्वस्त मिळोत. आग लागली की थर्मोकोल वितळून पेटते, धूर जिन्यात कोंडतो, आणि अशा घरातून बाहेर पडायची वाट बहुधा तेवढीच असते. रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर, जळत नाही. ५० मिमी जाडीचे, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे, एका बाजूला अॅल्युमिनियम फॉइल असलेले स्लॅब घ्या.

जिन्यावरची जागा १.२ × ३.६ मीटर धरली, तर १२०० × ६०० मिमीचे सहा स्लॅब लागतात. कापाकापीसाठी सातवा आणा. खाली ८ मिमीचे फायबर सिमेंट बोर्ड, आठ बाय चार फुटांचे दोन. कडेने जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) चॅनल ९.६ मीटर, आडव्या पट्ट्या १.२ मीटरच्या सात, दर ४५० मिमीवर. बोर्ड १.८ मीटरवर कापले की सांधा बरोबर पट्टीवर येतो. जुन्या भिंती समांतर नसतात, म्हणून रुंदी तीन ठिकाणी मोजा.

शिडीचा एक पाय पायरीवर आणि दुसरा विटांवर, असे कधीही करू नका. परांची बांधा: फळ्यांचे एक टोक वरच्या मजल्याच्या जमिनीवर, दुसरे घोडीवर, दोन्हीकडे दोरीने आवळलेले.

काम पावसाळ्याआधी काढा. पाइपने पत्र्यावर पाणी मारून गळती शोधा. हुकांचे कडक झालेले वॉशर बदला. वाशात स्क्रूड्रायव्हर टोचून वाळवी तपासा. छत सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ते कापू, खरवडू किंवा ड्रिल करू नका. जुनी वायरिंग रॉकवूलखाली गाडली तर तापते, ती नव्या पाइपातून बोर्डाच्या खाली आणा.

चॅनलचे प्लग विटेत ठोका. विटांमधल्या चुन्याच्या सांध्यात ते सैल होऊन निघतात आणि वजन सत्तर किलोच्या आसपास जाते, म्हणून प्रत्येक पट्टी मधोमध वाशालाही टांगा. पायरीच्या कडेपासून नव्या बोर्डापर्यंत सरळ उभे २.२ मीटर मोकळे राहायला हवे.

स्लॅब पत्र्याच्या उतरत्या बाजूपासून भरा. तिथे हात शिरत नाही, म्हणून उंच बाजूने आत घालून सरकवा. फॉइल वर, पत्र्यापासून किमान ५० मिमी अंतर: थंडीत पहाटे पत्र्याखाली जमणारे दव फॉइलवर पडते, लोकर भिजत नाही. स्लॅब दाबून कोंबू नका, दबला की गुण घटतो. भिंतीलगतच्या फटी मात्र तुकड्यांनी भरा. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच.

बोर्डाला दर २०० मिमीवर स्क्रू. वळचणीच्या फटी बुजवू नका, बारीक जाळी लावा. हवा खेळेल, उंदीर-खारी शिरणार नाहीत. जिन्याच्या माथ्याची खिडकीही उघडी राहू द्या. उंच बाजूला ४५० मिमीची झडप ठेवून पहिल्या मोठ्या पावसानंतर बॅटरीने आत पाहा. स्लॅब ओला दिसला तर तो काढा, आधी गळती बुजवा, मगच कोरडा स्लॅब परत टाका.