पोलादी इमारतीतील साधा पिनजोड: फिन प्लेटचे डिझाइन कसे करावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत शेडमध्ये पोटमाळा घालायचा ठरला, की दुय्यम बीम बहुधा साध्या पिनजोडानेच मुख्य बीमला किंवा कॉलमला जोडले जातात. गणितात आपण बीमचे टोक मोकळे फिरते असे धरून तेथील मोमेंट (वाकवणारा परिणाम) शून्य मानतो. त्यामुळे प्रत्यक्ष जोडानेही तेवढे फिरू दिले पाहिजे आणि टोकाचा शिअर (उभे कातरबल) पूर्णपणे पेलला पाहिजे. दुसरी अट सगळे तपासतात, पहिली मात्र फार वेळा राहून जाते.

हे फिरणे किती असते? समान पसरलेल्या भाराखाली बीमचा झोल स्पॅनच्या तीनशेव्या भागाइतका असेल, तर टोक सुमारे 0.011 रेडियन फिरते, म्हणजे 300 मिमी उंचीच्या बीमचा खालचा फ्लँज (आडवा पट्टा) आधाराकडे दीड मिलिमीटरच्या आसपास सरकतो. म्हणूनच बीमचे टोक आणि आधार यांत 10 मिमी फट ठेवावी.

दुहेरी अँगल क्लीट, पातळ एंड प्लेट आणि फिन प्लेट या तीन प्रकारांपैकी मी फिन प्लेटची (आधाराला उभी वेल्ड केलेली प्लेट, जिला बीमचा वेब, म्हणजे मधला उभा पत्रा, बोल्टने जोडतात) शिफारस करतो, कारण प्लेटचे वेल्डिंग वर्कशॉपमध्येच उरकते आणि साइटवर फक्त बोल्ट आवळायचे उरतात.

उदाहरणासाठी आयएसएमबी 300 (300 मिमी उंचीचा भारतीय प्रमाणित आय आकाराचा) बीम आणि टोकाशी 120 किलोन्यूटन फॅक्टर्ड (सुरक्षा गुणकाने वाढवलेला) शिअर घेऊ. 10 मिमी जाडीची, 220 मिमी उंचीची प्लेट, एका उभ्या ओळीत एम 20 चे तीन बोल्ट, 22 मिमीची भोके, बोल्टांमध्ये 70 मिमी आणि कडेपासून 40 मिमी अंतर ठेवू. आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेनुसार कातरलेल्या किंवा हाताने गॅस-कटिंग केलेल्या कडेसाठी हे अंतर भोकाच्या व्यासाच्या किमान 1.7 पट, म्हणजे येथे 37.4 मिमी लागते. आपल्याकडच्या लहान वर्कशॉपमधले कटिंग पाहता हीच मर्यादा धरणे योग्य.

आता 120 भागिले तीन, म्हणजे बोल्टमागे 40 किलोन्यूटन, आणि आटे शिअरच्या पातळीत धरले तरी 4.6 ग्रेडच्या बोल्टची क्षमता सुमारे 45, असा हिशेब करून थांबू नये. वेल्डपासून बोल्टची ओळ 50 मिमी दूर आहे. त्यातून 6 किलोन्यूटन-मीटर मोमेंट निर्माण होतो आणि वरच्या व खालच्या बोल्टवर प्रत्येकी सुमारे 43 किलोन्यूटन आडवे बल येते. उभे 40 आणि आडवे 43 यांचे परिणामी बल सुमारे 59 होते, म्हणजे 4.6 चा बोल्ट नापास होतो. 8.8 ग्रेड घेतल्यास सुमारे 90 किलोन्यूटन क्षमता मिळते, बीमच्या 7.5 मिमी वेबमधील बेअरिंग क्षमता (भोकाच्या कडेने बोल्टचा दाब सोसण्याची) सुमारे 74 असल्याने तेही चालते.

प्लेटचा शिअर येथे सहज पास होतो. तिची जाडी बोल्टच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी, म्हणजे भोकांभोवतीचे पोलाद थोडे दबून टोकाला फिरायला वाव देते. वेल्ड मात्र कमकुवत नको: प्लेटच्या दोन्ही बाजूंना पूर्ण उंचीभर 8 मिमी फिलेट (कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड) द्यावा, म्हणजे अतिभाराखाली वेल्ड तुटण्याआधी प्लेट वाकेल.

दोन्ही बीमचे वरचे फ्लँज एकाच पातळीवर ठेवायचे असतील, तर दुय्यम बीमला खाच करावी लागते. तेव्हा उरलेल्या वेबचा ब्लॉक शिअर (बोल्टांभोवतीचा तुकडाच फाटून निघणे) आणि खाचेपाशी येणारा मोमेंट स्वतंत्रपणे तपासावा आणि खाचेचा आतला कोपरा गोलाईने कापावा. जोड कॉलमवर असेल, तर बीमचा भार कॉलमच्या पृष्ठभागापासून 100 मिमी अंतरावर येतो असे धरून कॉलम तपासावा.

पिनजोड इमारतीला आडवा ताठरपणा देत नाहीत. 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्याच भागातला आहे, तेव्हा ब्रेसिंगला (तिरप्या आधारांना) पर्याय नाही.

ड्रॉइंगवर बोल्टची ग्रेड, 10 मिमी फट आणि वेल्डचा आकार याबरोबर एक सूचना ठळकपणे लिहावी: बोल्ट आवळून झाल्यावर बीमचा वेब किंवा फ्लँज आधाराला वेल्ड करू नये. साइटवर 'मजबुतीसाठी' मारलेला असा टाका जोडाचे फिरणे रोखतो, आणि ज्या मोमेंटसाठी प्लेट, वेल्ड किंवा कॉलम यांपैकी काहीच डिझाइन केलेले नाही, तो मोमेंट तेथे आणून ठेवतो.