दोन गळांचा स्ट्रीमर: सगळी गोम सांध्यात

स्ट्रीमर म्हणजे फ्लाय फिशिंगसाठी गळावर केस-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष, म्हणजेच एक प्रकारची ‘माशी’. दोन गळांचा स्ट्रीमर बांधताना माणूस अडतो एकाच जागी, आणि शिकवणारे नेमकी तीच जागा अर्ध्या मिनिटात उरकतात. बाकीचा वेळ केसांचा रंग, चमक किती, डोळे लाल की पिवळे. मरळ डोळ्यांचा रंग बघून तोंड उघडत नाही. पुढचा गळ थांबल्यावर मागचा आडवा वळतो की नाही, यावर ती येते किंवा येत नाही.

माशी म्हटलं तरी स्ट्रीमर ही किड्याची नक्कल नव्हे, लहान मासोळीची आहे. एकाच लांब गळावर बांधला तर तो पाण्यात पट्टीसारखा सरळ जातो. शिवाय लांब दांडीची तरफ होते आणि मासा डोकं झटकून गळ सोडवतो. म्हणून दोन आखूड गळ तारेने जोडायचे. दोरी ओढली की दोन्ही सरळ येतात. ओढणं थांबलं की रुंद डोकं पाण्याला अडून थबकतं, मागचा भाग मात्र वेगात पुढे येतो आणि एका अंगाला वळतो. जखमी मासोळी कूस दाखवते तशी. मासा बहुतेक वेळा याच क्षणी धरतो.

सामान घरात असेलच. पुढचा गळ १/० नंबरचा, मागचा त्याहून लहान, २ नंबरचा. पुस्तकात हरणाच्या शेपटीचे केस लिहिलेले असतात, ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे. ते वाचून आपल्याकडे चितळ-सांबराचे केस शोधत फिरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि गरजही नाही. बकरीच्या शेपटीचे लांब केस खाटकाकडे मिळतात. शाम्पूने दोनदा धुवा, नाहीतर उन्हाळ्यात डबा उघडवत नाही. कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडे, डोक्यासाठी जुन्या टेडी बेअरची फर. चमकेसाठी कोणीतरी पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तो बेगड सुचवला होता. दोन फेकींत त्याच्या चिंध्या झाल्या. सजावटीच्या झिरमिळ्या घ्या, त्या टिकतात. केळीचा धागा मीही करून पाहिला, जळगाव जिल्ह्यात तो मोह कोणाला सुटत नाही. भिजला की चिकटून त्याचा सुंभ होतो.

मागचा अर्धा भाग: शेपटीला चिमूटभर केस, सहा-आठ चमकदार धागे, वर पिसाचे चार वेढे, गाठ, गोंद. शेपटी गळाच्या वाकणापासून मागे दांडीच्या लांबीपेक्षा जास्त नको.

आता सांधा.

तार एकेरी घेऊ नका, तांब्याची तर नाहीच. वाकून वाकून ती एका सकाळी तुटते. माळा ओवायची, नायलॉन चढवलेली, पिळाची पोलादी तार मिळते, ०.४५ मिलिमीटरची. ती घ्या. काहीजण तारेऐवजी विणलेली दोरी वापरतात. दोरी लुळी असते. फेकताना मागचा गळ खाली पडून पुढच्यात अडकतो, आणि तुम्ही दहा मिनिटं ते लोढणं ओढत बसता.

पहिली डझनभर माशा मी तारेची दोन्ही टोकं दांडीवर शेजारी शेजारी ठेवून बांधल्या. दिसायला सुबक. पाण्यात मागचा गळ कुशीवर झोपायचा, किंवा जागचा हलायचाच नाही. मी केस बदलले, वजन बदललं, पुढचे गळही बदलले. मुडावदला पांझरा आणि तापीच्या संगमावर एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी माझी माशी हातात घेऊन विचारलं, "हाऊ मासा शे का उंदीर?" त्यांनी मागचा गळ बोटाने हलवला आणि तो लाकडात ठोकलेल्या खिळ्यासारखा ताठ राहिला. तेव्हा कुठे माझं लक्ष सांध्याकडे गेलं.

कारण साधं आहे. गळाचं टोक खाली धरलं तर त्याचं नाकं आडवं असतं, म्हणजे भोक वर-खाली उघडतं. त्यातून जाणारी तारही उभीच जायला हवी. तारेचा फासा उभा असला तर मागचा गळ दाराच्या बिजागरीसारखा डावी-उजवीकडे झुलतो. फासा आडवा पडला तर गळाला कुशीवर वळावं लागतं, नाहीतर तो अडकून बसतो.

फासा उभा ठेवायची माझी रीत अशी. पुढच्या गळाच्या दांडीवर नाक्यापासून वाकणापर्यंत दोऱ्याचा एक थर द्या. बारा सेंटीमीटर तार कापून एक टोक दांडीच्या बरोबर माथ्यावर बांधा, वर फेविक्विक. पूर्ण वाळू द्या. चहा प्या, बकरीचे केस विंचरा, काहीही करा, पण घाई नको. त्यावर पुन्हा दोऱ्याचा थर. आता मोकळ्या तारेत चार मिलिमीटरचे दोन मणी ओवा, तार मागच्या गळाच्या नाक्यातून खालून वर काढा, त्याच मण्यांतून परत आणा आणि दुसरं टोक पहिल्याच्या डोक्यावर ठेवून बांधा. शेजारी नाही, डोक्यावर. ते घसरायला बघेल. प्रत्येक वेढ्याला बोटाने दाबून धरा.

वरचं टोक पुढच्या नाक्यातून खाली काढा, दांडीखाली मागे दुमडा आणि पुन्हा बांधा. दोन्ही टोकं नाक्यात घालू नका, लीडर, म्हणजे माशीला बांधायची बारीक दोरी, ओवायला जागा उरत नाही. हे दुमडणं कोणी टाळायला सांगितलं तर त्याचं ऐकू नका. नुसता गोंद नायलॉनवर धरत नाही. तापीवरच्या प्रकाशा गावच्या बंधाऱ्याच्या वर मला एकदा चांगला धक्का बसला, दोरी ताणली आणि सैल पडली. हातात आला तो पुढचा अर्धा भाग, तार सुळकन निसटलेली. मागचा गळ माशाच्या तोंडात गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

फाशाची लांबी: मागचा गळ ओढून धरल्यावर मणी आणि नाकं यांच्यात काडेपेटीची एक काडी मावली पाहिजे. तेवढीच. कमी झाली तर सांधा ताठ, जास्त झाली तर गुंता. पुढचा भाग बांधायच्या आधीच चिमट्यात धरून हलवून बघा. इथे जमलं नसेल तर ब्लेडने कापून पुन्हा करा. वर केस चढवल्यावर काही दुरुस्त होत नाही.

पुढचा भाग सोपा. पिसाचे वेढे सांध्यावर झुकतील इतके द्या, पण मण्यांवर केस कोंबू नका. पितळी डंबेल डोळे, म्हणजे डंबेलच्या आकाराचे जड डोळे, दांडीच्या *खाली* बांधा. वर बांधले की गळ उलटा होऊन टोक वर येतं. अमेरिकेत बॉब क्लाउझरच्या प्रसिद्ध माशीत हे मुद्दाम करतात, पण ती एका गळाची आहे. आपल्या माशीत पुढचा गळ उलटेल, मागचा सुलटाच राहील आणि सांध्याला पीळ पडेल. डोक्याला फर लावून कात्रीने रुंद आणि थोडं चपटं कापा. निमुळतं डोकं पाणी अडवत नाही, मग थबकणंही नाही आणि वळणंही नाही.

नदीवर नेण्याआधी विहिरीवरच्या हौदात ओढून बघा. आधी पाण्याखाली धरून दाबा, फरमधली हवा निघू द्या. कोरडी माशी तरंगते आणि लोक उगाच वजन वाढवतात. गरगर फिरत असेल तर डोकं एका बाजूला जास्त आहे, तिथे कात्री लावा. एका अंगावर कलत असेल तर पाठीवरचे केस निम्मे करा. नवखा माणूस केस नेहमी जास्तच घालतो. शेपटी गळाला वेढत असेल तर ती लांब आहे किंवा केस फार मऊ आहेत. मुळाशी चार ताठ केस घातले की थांबतं. सगळं ठीक असून मागचा भाग वळत नसेल तर दोष तुमच्या ओढण्यात आहे. हातभर दोरी झटक्याने ओढा आणि मग खरंच थांबा. लोक थांबत नाहीत.

ही माशी जड असते, आठ नंबरपेक्षा हलका रॉड नेऊ नका. दोन्ही गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. जलाशयाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात मरळ पिलांच्या थव्याखाली राखण करत असते, ती रागाने हमखास धरते. तिथे फेकू नका, राखण करणारा मासा गेला की पिलं जातात.

घरी आल्यावर माशी गोड्या पाण्यात धुऊन पुढच्या नाक्याने खिळ्याला टांगा. ओली डब्यात ठेवली तर आठवड्यात मागच्या गळाला गंज चढतो, आणि तो सुरू होतो तो नेमका सांध्याच्या नाक्यात, केसांखाली, जिथे दिसत नाही.