ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टिकेल असे ओव्हरक्लॉकिंग : आधी करायची तयारी

प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापलीकडे वाढवण्याआधी, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगआधी, आपण नेमका कोणता आकडा वाढवणार आहोत, हे नीट समजून घ्यावे. मदरबोर्ड साधारणपणे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका (बेस क्लॉक) पुरवतो आणि प्रोसेसर त्याला आपल्या गुणकाने (मल्टिप्लायर) गुणतो. गुणक ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या इंटेलच्या प्रोसेसरचा गुणक बंदिस्त होता, म्हणून त्या काळची हौशी मंडळी मूळ ठोकाच ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊन ३०० चे ४५० करीत असत. आज मात्र मूळ ठोक्याला हात न लावता गुणकच वाढवावा. खोक्यावर छापलेला सर्वांत मोठा वेग बहुधा प्रोसेसरमधील एक-दोन कोअरपुरता (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आणि थोड्याच वेळासाठी असतो, सर्व कोअर कामाला लागल्यावर तो उतरतो. त्यामुळे तुलना करायची ती सर्व कोअर चालू असतानाच्या वेगाशी. निरनिराळ्या पिढ्यांच्या गिगाहर्ट्झची तुलना तर करूच नये. पेंटियम ४ ने २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते, परंतु आजचा प्रोसेसर त्याच वेगाने प्रत्येक ठोक्याला कितीतरी अधिक काम उरकतो.

आपल्या यंत्राला हे करता येते का, तेही आधीच पाहावे. इंटेलच्या बाबतीत नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड, अशी दोन्ही हवीत. एएमडीच्या रायझन मालिकेतील बहुतेक प्रोसेसरचा गुणक खुला असतो, पण ए५२० किंवा ए६२० चिपसेटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

सर्वांत अधिक विचार उष्णतेचा करावा, कारण ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर न्यावे लागले, तर वीज आणि तिच्याबरोबर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. पंखा कितीही मोठा असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. जानेवारीत १५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिरावलेला प्रोसेसर मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास पोहोचेल, आणि रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशच आहे. तिथे तो स्वतःहून वेग उतरवतो व केलेली मेहनत वाया जाते. म्हणून हिवाळ्यात वेग ठरवायचा असेल तर किमान २५ अंशांची जागा मोकळी सोडावी, असे माझे ठाम मत आहे. सोबत मिळालेला लहान पंखा बाजूला ठेवून चांगला टॉवर कूलर बसवावा, थर्मल पेस्ट नव्याने लावावी आणि आंधीची धूळ आत जाऊ नये म्हणून केबिनेटच्या जाळ्या वेळोवेळी स्वच्छ कराव्यात. खोलीतला वाळ्याचा कूलर उपयोगी पडतो, मात्र त्याचा दमट झोत थेट केबिनेटवर येणार नाही अशी मांडणी असावी.

विजेची तयारीही तितकीच आवश्यक आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील जुन्या घरात यंत्र चालवायचे असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. नामवंत बनावटीचा, पुरेशा वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) असावा. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच असते; ग्राफिक्स कार्डासह चाललेल्या यंत्राला ती अपुरी पडते. बायॉस (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर, ज्यात हे आकडे बदलतात) अद्ययावत करताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करावे.

प्रत्यक्ष सुरुवात करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि सीमॉस क्लिअर करण्याचा, म्हणजे बायॉसमधले बदल पुसून टाकण्याचा, जंपर मदरबोर्डवर कुठे आहे ते पुस्तिकेत पाहून ठेवावे. यंत्र सुरूच झाले नाही तर तोच उपयोगी पडतो. काहीही न बदलता सिनेबेंच ही वेगाची चाचणी चालवून गुण, आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममधून तापमान व व्होल्टेज, वहीत लिहावे. मग एका वेळी १०० मेगाहर्ट्झच, म्हणजे गुणक एकानेच, वाढवावे आणि प्रत्येक पायरीवर प्राइम९५ किंवा ओसीसीटी हा प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम किमान तासभर चालू द्यावे. विंडोज कोलमडून पडदा निळा झाला नाही म्हणजे सर्व ठीक, असे समजू नये: विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया’ (WHEA), म्हणजे हार्डवेअरच्या, त्रुटींची नोंद दिसली तरी तो वेग अस्थिर मानावा आणि एक पायरी खाली यावे. मेमरीचा वेग त्याच दिवशी वाढवू नये, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही. शेवटी ठरलेल्या वेगाची पुन्हा एक चाचणी मेच्या उत्तरार्धात, भर दुपारी, खोलीतला कूलर बंद ठेवून घ्यावी.