शिल्पांमधून मौनाने चालताना : सामूहिक ध्यानचालीचे आयोजन

ध्यानचाल म्हणजे ठरलेल्या मार्गावरून सावकाश, मौन पाळून आणि आपल्या पावलांकडे लक्ष ठेवून चालणे. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या उत्तरेस रत्नचंक्रम नावाचा लांबट ओटा आहे. ज्ञानप्राप्तीनंतर गौतम बुद्धांनी तेथे चंक्रमण केले, म्हणजे ध्यान करत सावकाश येरझारा घातल्या, असे परंपरा मानते आणि त्यांच्या पावलांच्या जागा दाखवण्यासाठी तेथे दगडात कोरलेली कमळे आहेत. देवळातली प्रदक्षिणाही मूर्तीभोवती चालण्याचीच रीत असल्यामुळे, शिल्पे असलेल्या मोकळ्या आवारात अशी चाल योजली तर सहभागी मंडळींना ती परकी वाटत नाही.

खान्देशात यासाठी जागा शोधावी लागत नाही. शहरातील ज्या बागेत उघड्यावर पुतळे किंवा दगडी शिल्पे आहेत ती बाग चालते; साक्री तालुक्यातील बळसाण्याचा जुन्या दगडी मंदिरांचा समूह किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा परिसरही चालतो. मात्र संरक्षित स्मारकाच्या आवारात सामूहिक कार्यक्रम करायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या क्षेत्रात असल्यामुळे तेथे वनखात्याचे नियम पाळावेत. बागेच्या बाबतीत नगरपालिकेला किंवा व्यवस्थापनाला पत्र देऊन वेळ कळवणे पुरेसे होते.

जागा ठरली की आयोजकाने तेथे एकट्याने त्याच वेळी, त्याच गतीने चालून पाहावे. एका फेरीत तीन, फार तर चार शिल्पे घ्यावीत. बागेत वीस शिल्पे असली तरी सोळा सोडून देण्याचे धैर्य आयोजकाकडे हवे, कारण सगळे दाखवायला निघालेली चाल सहलीसारखी होते आणि मन एका ठिकाणी बसायला लागले की पुढे निघण्याची घाई सुरू होते. एकूण अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आत ठेवावे. थांबे धरून त्याला सुमारे एक तास लागतो. वाटेत बाभळीचे काटे, उखडलेल्या फरश्या, मुंग्यांची वारुळे कोठे आहेत हे पाहून ठेवावे. जुन्या मंदिरांच्या छज्जांखाली आग्यामोहोळ लटकत असेल तर तो भाग मार्गातून निःसंकोच वगळावा आणि उदबत्ती, धूप, अत्तर यांपैकी काहीही सोबत आणू देऊ नये.

आपल्याकडे हंगामाचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो आणि सकाळी नऊ वाजताच काळा पाषाण हात लावू देत नाही. म्हणून कार्तिक ते फाल्गुन हा काळ धरावा. पौष-माघात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सव्वासातला पहिले पाऊल पडेल असे पाहावे. यामागे थंडाव्याखेरीज आणखी एक कारण आहे. सकाळचे ऊन तिरपे येते, त्यामुळे कोरीवकामाच्या प्रत्येक खोलगट भागात सावली साचते आणि झिजलेल्या चेहऱ्याच्या भुवया, हनुवटी, कानातली आभूषणे स्पष्ट दिसू लागतात. तेच शिल्प भर दुपारच्या उन्हात सपाट आणि गप्प दिसते.

मंडळी बारा ते पंधरापेक्षा अधिक नसावीत. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेलेले वारकरी गटात असतील तर त्यांना सोबत चालण्याचे भान शिकवावे लागत नाही. इतरांना मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. गती गटातल्या सर्वांत वयस्कर माणसाची राहील, म्हणून आजी-आजोबांना रांगेत पुढे घ्यावे, आणि दोघांत साधारण दोन हातांचे अंतर ठेवावे. सर्वांत शेवटी आयोजकाचा एखादा सहकारी चालावा, म्हणजे कोणाला बसावेसे वाटले किंवा पाणी हवे झाले तर बाकीच्यांचे मौन मोडत नाही. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवावेत. छायाचित्रे काढण्याची मुभा एकाला दिली तरी सर्वांचे लक्ष त्याच्याकडे जाते.

निघण्यापूर्वी पाच मिनिटांत सूचना द्याव्यात आणि त्यानंतर शब्द वापरू नयेत. थांबणे आणि निघणे यांसाठी टाळाचा एक ठोका पुरतो. चालताना टाच टेकली, तळवा टेकला, बोटे उचलली, एवढेच मनात नोंदवायचे. श्वास पावलांशी जुळवण्याचा आग्रह धरू नये. नवख्यांना त्यात धाप लागते. मन भरकटले तर ते पुन्हा पावलांवर आणावे, त्याबद्दल स्वतःवर रागावू नये.

खरी जाण थांब्यावर येते, म्हणून प्रत्येक शिल्पापाशी दहा मिनिटे तरी द्यावीत. आधी पंधरा-वीस पावलांवरून संपूर्ण आकृती पाहावी, मग जवळ जाऊन एकाच ठिकाणी नजर स्थिर करावी आणि शेवटी उजवीकडे ठेवून सावकाश फेरी घालावी. कोठे पाहायचे हे चाल सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावे. हेमाडपंती बांधणीच्या मंदिरापाशी मी कोरीव आकृतीऐवजी दोन दगडांमधील सांधा पाहायला सांगतो. चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले ते चिरे इतके नेमके घडवलेले असतात की सांध्याची रेघ नजरेने शोधत शोधत पुढे न्यावी लागते. कोठे ती शेवाळाखाली जाते, कोठे छिन्नीचे तिरके घाव तिला ओलांडतात, आणि तेवढ्यात श्वास आपोआप संथ झालेला असतो. बागेतल्या आधुनिक शिल्पाच्या बाबतीत त्याची सावली जमिनीवर कोठवर पोहोचते हे पाहायला सांगावे. जुन्या शिल्पांना हात लावू नये. गटात दृष्टिहीन व्यक्ती असेल तर स्पर्शाची परवानगी मिळेल असे एखादे नवे शिल्प मार्गात मुद्दाम घ्यावे.

फेरी संपल्यावर निंबाच्या सावलीत बसावे. पहिली काही मिनिटे कोणीच बोलू नये. नंतर ज्याला इच्छा असेल त्याने आपल्याला दिसलेली एकच गोष्ट सांगावी. शिल्पाचा काळ, शैली, देवतेची ओळख ही माहिती यानंतरच द्यावी, कारण ती आधी दिली की माणसे पाहण्याऐवजी ताडून पाहू लागतात.

पुढच्या वेळी नवा मार्ग शोधू नये. तीच शिल्पे घेऊन चाल सूर्यास्तापूर्वीच्या तासात ठेवावी. तेव्हा ऊन पश्चिमेकडून येते आणि सकाळी सावलीत राहिलेली बाजू उजेडात येते.