लिंकरच्या दोन वॉर्निंग: दाबल्या नाहीत, सोडवल्या

बायन्युटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे साधनांचा संच) २.३९ (२०२२) टाकल्यावर माझ्या छोट्या ६४-बिट कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बिल्डमध्ये लिंकरच्या, म्हणजे कोडचे तुकडे जोडून एक फाइल करणाऱ्या साधनाच्या, दोन वॉर्निंग येऊ लागल्या. पहिली: बूटच्या असेंब्ली फाइलमध्ये ‘.नोट.जीएनयू-स्टॅक’ सेक्शन (स्टॅकमधून कोड चालवायची गरज नाही, असं सांगणारी खूण) नाही. लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर सी फाइलींत तो स्वतः घालतो, हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आपण घालायचा. फाइलच्या शेवटी एक ओळ, विषय संपला.

दुसरी मात्र मनावर घ्यावी अशी: एका लोड सेगमेंटला (फाइलच्या मेमरीत चढणाऱ्या तुकड्याला) वाचणे, लिहिणे, चालवणे या तिन्ही परवानग्या. वॉर्निंग बंद करायचा पर्याय लिंकरमध्ये आहे, पण कर्नलमध्ये तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. रीडएल्फने (एल्फ या प्रोग्राम-फाइलच्या प्रकाराची रचना दाखवणाऱ्या साधनाने) पाहिलं, तर कोड आणि डेटा एकाच सेगमेंटमध्ये. लिंकर स्क्रिप्टमध्ये ‘पीएचडीआरएस’ (सेगमेंटची यादी) लिहून तीन सेगमेंट केले, फ्लॅग ५ (वाचणे-चालवणे), ४ (फक्त वाचणे) आणि ६ (वाचणे-लिहिणे). प्रत्येकाची सुरुवात ४०९६ च्या पटीत आणली, कारण परवानगी मेमरीच्या पानागणिक मिळते, आणि पान ४०९६ बाइटचं.

एवढ्याने वॉर्निंग गेली, संरक्षण नाही आलं. एल्फ हेडर फक्त सांगतो. अंमलबजावणी पेज टेबलची, म्हणजे प्रोसेसर प्रत्येक पानाची परवानगी जिथे पाहतो त्या तक्त्याची. म्हणून डेटाच्या पानांना एनएक्स (‘चालवू नको’) बिट लावला, कोडच्या पानांचा लिहिण्याचा बिट काढला, प्रोसेसरच्या सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधला डब्ल्यूपी (कर्नललाही लेखनबंदी पाळायला लावणारा बिट) चालू केला. आता कोडच्या पत्त्यावर मुद्दाम लिहिलं की पेज फॉल्ट (प्रोसेसरने अडवल्याची सूचना) येतो, एरर कोड ३: पान आहे, पण लिहायची परवानगी नाही.